वाचकांचे प्रश्न : पाण्यातले लोह आणि फिनॅन्थ्रोलिनचा रंग

गेल्या काही आठवड्यांत ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे पाण्यातील अल्प लोह मोजण्याविषयीची होती. विषय एकच असल्यामुळे ती येथे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. पुढच्या तिन्ही पत्रांतील शंकांचे मूळ त्यातच असल्यामुळे ते कापले नाही.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या गृहनिर्माण संस्थेत बोअरवेलचे पाणी फ्लशसाठी आणि बागेसाठी वापरले जाते. उपसताना ते अगदी नितळ दिसते, पण बादलीत रात्रभर राहिले की तळाशी तांबूस गाळ बसतो. उन्हाळ्यातील टँकरचा खर्च वाचवण्यासाठी हे पाणी शुद्ध करून अन्य कामांना घ्यावे, असा विचार समितीत चालू आहे. पहिली तपासणी केली तेव्हा आम्हीच रिकाम्या बाटलीत पाणी भरून दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवले, लोह ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आले. दुसऱ्या प्रयोगशाळेचा माणूस स्वतः आला, त्याच्या बाटलीत आधीच थोडे आम्ल होते. त्या अहवालात १.८ आले. दोन्हीकडे पद्धत ‘१,१०-फिनॅन्थ्रोलिन’ अशीच लिहिली आहे. मग नऊपट फरक कसा? – एका संस्थेचे सचिव, ठाणे (पश्चिम)

उत्तर : दोन्ही प्रयोगशाळांनी प्रामाणिकपणे काम केले असेल, तरीही असे आकडे येऊ शकतात. फरक रंगाच्या रसायनात नाही. रंग येण्याआधी बाटलीत जे घडले, त्यात तो आहे.

फिनॅन्थ्रोलिन हे पांढऱ्या पुडीच्या रूपात मिळणारे सेंद्रिय संयुग आहे. फेरस लोहाच्या, म्हणजे दोन धन विद्युत्भार असलेल्या लोहाच्या, एका आयनाभोवती त्याचे तीन रेणू घट्ट बसतात आणि नारिंगी-लाल रंगाचे अतिशय टिकाऊ संयुग तयार होते. फ्रिट्झ ब्लाऊ यांनी १८९८ साली त्याचे वर्णन केले होते. हे संयुग ५१० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश सर्वांत जास्त शोषते. तो प्रकाश किती शोषला गेला हे स्पेक्ट्रोफोटोमीटर सांगतो आणि त्यावरून लोहाचे प्रमाण काढता येते. अट एवढीच, की लोह पाण्यात विरघळलेले हवे आणि फेरस अवस्थेत हवे. गंजाच्या किंवा गाळाच्या कणात अडकलेले लोह या अभिकारकाच्या हाती लागत नाही.

आता आपल्या बोअरवेलकडे येऊ. ठाण्याच्या परिसरातील काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्याच्या खनिजांत लोह भरपूर असते. खोल भूजलात ऑक्सिजन फारच कमी असेल, तर हे लोह फेरस रूपात विरघळून राहते आणि तसे पाणी नितळच दिसते. पाणी वर आले, हवेला लागले, की ऑक्सिजन फेरसचे फेरिक, म्हणजे तीन धन विद्युत्भार असलेले, लोह करतो आणि फेरिक लोह साध्या पाण्यात विरघळलेले राहू शकत नाही. त्याचे तांबूस हायड्रॉक्साइड होऊन ते तळाशी बसते. हे किती वेगाने घडेल, ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या पीएच या आकड्यावर, फार अवलंबून असते. उदासीनतेच्या आसपास सामू एका अंकाने वाढला, तर ऑक्सिडीकरणाचा वेग सुमारे शंभरपट होतो. त्यामुळे दोन शेजारच्या इमारतींच्या पाण्यात एकाला गाळ धरायला रात्र लागते आणि दुसऱ्याला तासाभराहून कमी वेळ पुरतो, यात नवल नाही.

आपल्या पहिल्या बाटलीत नेमके हेच झाले असावे. रात्रभरात बरेचसे लोह तळाशी आणि बाटलीच्या कडांना जाऊन बसले, दुसऱ्या दिवशी वरचे नितळ पाणी पिपेटने घेतले गेले आणि त्यात जे उरले होते ते ०.२ म्हणून अहवालात उतरले. दुसऱ्या बाटलीतील आम्लाने सामू २ च्या खाली ठेवला, त्यामुळे गाळ धरलाच नाही आणि सगळे लोह प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले. आपला प्रश्न ‘या पाण्यात एकूण लोह किती’ असा असल्यामुळे त्याचे उत्तर १.८ हेच मानावे. ०.२ हा आकडा बसलेल्या गाळावरच्या पाण्याचा आहे. तो खोटा नाही, पण आपल्या कामाचा नाही.

आम्ल घातले म्हणजे सगळे संपले, असेही नाही. एकूण लोहासाठी नमुना प्रयोगशाळेत आम्लासह उकळावा लागतो. नेहमीच्या रीतीने बाटली नीट हलवून ५० मिलिलिटर नमुना घेतात, त्यात २ मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मिलिलिटर हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडचे द्रावण घालतात आणि पाणी १५ ते २० मिलिलिटर उरेपर्यंत उकळतात. या उकळण्यात कण विरघळतात आणि हायड्रॉक्सिलअमाइन फेरिक लोहाचे क्षपण करून त्याला फेरस बनवते. द्रावण थंड झाल्यावर १० मिलिलिटर अमोनियम अ‍ॅसिटेटचे बफर, म्हणजे सामू स्थिर ठेवणारे द्रावण, आणि ४ मिलिलिटर फिनॅन्थ्रोलिन घालून १०० मिलिलिटरपर्यंत पाणी भरतात, आणि रंग पूर्ण येण्यासाठी किमान दहा-पंधरा मिनिटे थांबतात. घाईच्या दिवशी उकळण्याची पायरीच गाळली जाते, हे या क्षेत्रातील कोणीही खासगीत मान्य करील.

आकड्यांत पाहिले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. आपल्या नमुन्यात १.८ मिलिग्रॅम प्रति लिटर लोह असेल, तर ५० चे १०० मिलिलिटर केल्यावर ते ०.९ होते आणि एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये (द्रावण ठेवण्याच्या पारदर्शक कुपीत) यंत्रावर, प्रकाश किती शोषला गेला हे सांगणारा, सुमारे ०.१८ इतका अ‍ॅब्सॉर्बन्स दिसतो. पारदर्शक द्रावणाचा रंग तेव्हा फिकट नारिंगी असतो, पांढऱ्या कागदावर धरला तर डोळ्यांनाही कळतो. ०.२ च्या नमुन्याला मात्र जेमतेम ०.०२ मिळतो. एवढ्या खालच्या पातळीवर क्युवेटवरचा बोटाचा ठसासुद्धा आकडा हलवू शकतो. म्हणून कमी लोहासाठी पाच सेंटिमीटर लांबीचा क्युवेट वापरावा. तेवढ्याने वाचन पाचपट होते.

पुढच्या वेळी तीन ठिकाणचे नमुने एकाच दिवशी घ्यावेत, असे मी सुचवीन : पंप काही मिनिटे चालू ठेवल्यानंतर पंपाच्या तोंडाशी, गच्चीवरील टाकीत आणि एखाद्या खालच्या मजल्यावरील नळाला. पंपाशीच लोह जास्त असेल, तर ते जमिनीतले आहे. पाण्यात हवा खेळवून, गाळ बसू देऊन आणि वाळूच्या फिल्टरमधून काढून ते बरेच कमी करता येते. पंपाशी कमी आणि नळाला जास्त असेल, तर दोष गंजलेल्या पाइपांचा आहे आणि फिल्टर बसवण्यात पैसे घालण्यापूर्वी प्लंबरला बोलवावे. शक्य असल्यास पंपाशी घेतलेल्या नमुन्याचा एक भाग ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळून वेगळ्या, आम्ल घातलेल्या बाटलीत द्यावा. त्यावरून विरघळलेले लोह आणि कणांतले लोह वेगळे कळते. गाळण्याच्या आधी आम्ल घालू नये. कण विरघळले, तर गाळण्याला अर्थच उरत नाही.

मर्यादेविषयी : पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकात लोहाची मर्यादा आधी ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटर होती, नंतरच्या दुरुस्तीने ती १.० करण्यात आली. जुना तक्ता छापलेले अहवाल अजून फिरत असतात, त्यामुळे अहवालातील ‘मर्यादा’ हा रकानाही तपासून पाहावा. आपले पाणी दोन्ही आकड्यांच्या वर आहे. फ्लशला त्याने अडत नाही, पण पांढरे कपडे आणि बेसिन यांच्यावर डाग पडतील.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिकात १ ते ८ मिलिग्रॅम प्रति लिटर लोहाची प्रमाण द्रावणे (म्हणजे लोह किती हे माहीत असलेली द्रावणे) ५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये केली आणि प्रत्येकात ०.१ टक्क्याचे फिनॅन्थ्रोलिन २ मिलिलिटर घातले. आलेख ४ पर्यंत सरळ आला आणि पुढे जवळजवळ आडवा झाला. शिवाय लोह न घातलेल्या फ्लास्कचेही वाचन ०.०३ आले. बाईंनी ‘यंत्र जुने आहे’ असे सांगितले. तसेच, लोहाशी लाल रंग देणारे थायोसायनेट इतके स्वस्त असताना ते का वापरत नाहीत? – एक विद्यार्थिनी, वाशी

उत्तर : यंत्र जुने असेलही, पण आलेख नेमका ४ वर वाकला, याचे कारण तुमच्या पिपेटमध्ये आहे. लोहाच्या एका आयनाला फिनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू लागतात. त्या हिशेबाने ०.१ टक्क्याचे एक मिलिलिटर द्रावण सुमारे १०० मायक्रोग्रॅम लोहालाच पुरते, म्हणजे दोन मिलिलिटर २०० मायक्रोग्रॅमला. पन्नास मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे बरोबर २०० मायक्रोग्रॅम. त्यापुढे लोह वाढत गेले, पण त्याला धरायला अभिकारक उरलाच नाही. ८ च्या फ्लास्कसाठी किमान चार मिलिलिटर हवे होते, आणि हाताशी थोडे जास्त असावे म्हणून पाच घालावे.

यंत्राचा दोष आणि अभिकारकाची टंचाई यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. सर्वांत गडद द्रावण घ्या, त्यात तेवढेच शुद्ध पाणी मिसळा आणि पुन्हा वाचन घ्या. वाचन बरोबर निम्मे झाले, तर यंत्र ठीक आहे आणि रंगच कमी तयार झाला होता. निम्म्यापेक्षा ठळकपणे जास्त आले, तर यंत्र वरच्या टोकाला कमी दाखवत होते. जुन्या यंत्रांत भलत्या तरंगलांबीचा प्रकाश शिरल्यामुळे असे होते. पूर्ण रंग आला असता, तर ८ च्या द्रावणाचा अ‍ॅब्सॉर्बन्स १.६ च्या जवळ गेला असता, आणि तिथे पुष्कळ यंत्रे डळमळतात. तुम्ही ०.५ ते ४ या पट्ट्यातच काम केलेत, तर दोन्ही प्रश्न उरणार नाहीत.

कोऱ्या फ्लास्कमधील ०.०३ कडे दुर्लक्ष करू नका. चांगल्या प्रतीच्या अमोनियम अ‍ॅसिटेटमध्येसुद्धा नजरेत भरण्याइतके लोह असू शकते. म्हणूनच बफरची नवी बाटली केली, की प्रमाण द्रावणेही त्याच बफरने नव्याने करण्याची रीत आहे. कोऱ्या फ्लास्कमध्ये लोह सोडून बाकी सर्व काही, त्याच क्रमाने आणि त्याच मापाने घालायचे आणि यंत्र त्यावर शून्य करायचे. नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य केले, तर बफरमधले लोह तुमच्या प्रत्येक नमुन्याच्या खात्यावर जमा होते. काचसामान एकदा पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन घेतले, तर हा आकडा बहुधा आणखी खाली येईल. लोखंडी स्टँडचा गंज बोटांवरून फ्लास्कच्या तोंडाशी जातो, हेही ध्यानात ठेवा.

घालण्याच्या क्रमाला कारणे आहेत. आधी हायड्रॉक्सिलअमाइन, कारण फिनॅन्थ्रोलिन येण्यापूर्वी सर्व लोह फेरस झालेले हवे. सामू फार खाली राहिला, तर हायड्रोजन आयन फिनॅन्थ्रोलिनच्या नायट्रोजनवर जाऊन बसतात आणि रंग रेंगाळत येतो. फार वर गेला, तर लोह हायड्रॉक्साइड होऊन निसटते. रंग २ ते ९ या विस्तृत पट्ट्यात टिकतो, पण २.९ ते ३.५ च्या दरम्यान तो झटकन येतो. बफर घातल्यावर फ्लास्कमधील फिकट पाण्यात एकदम नारिंगी ढग उठताना दिसतो, तो याच क्षणी.

प्रमाण द्रावणासाठी मोहरचे मीठ, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट, वापरले असेल, तर ०.७०२ ग्रॅम मीठ थोड्या सल्फ्युरिक आम्लासह एक लिटरमध्ये घेतले, की १०० मिलिग्रॅम प्रति लिटर लोह मिळते. आम्ल विसरलात, तर काही दिवसांत बाटलीच्या तळाशी तांबूस थर दिसेल आणि त्यानंतरचे प्रत्येक प्रमाण द्रावण कमी भरेल.

थायोसायनेट फेरिक लोहाशी रक्तासारखा लाल रंग देते, आणि ‘लोह आहे की नाही’ एवढेच पाहायचे असेल, तर ते उत्तमच आहे. मोजणीला मात्र ते त्रासदायक ठरते. त्यात एकाच वेळी निरनिराळी संयुगे तयार होतात, त्यामुळे रंगाची तीव्रता थायोसायनेट किती घातले यावर हलते, आणि ठेवल्या ठेवल्या, विशेषतः उजेडात, रंग फिका पडत जातो. पहिला आणि दहावा फ्लास्क वाचण्यात पंधरा मिनिटे गेली, तरी आलेख तिरपा होतो. फिनॅन्थ्रोलिनचा रंग दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. वर्गात तीस विद्यार्थी आणि एकच यंत्र असताना हा गुण किमतीपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : महापे येथील एका छोट्या प्रयोगशाळेत मी सांडपाण्याच्या तपासण्या करतो. धातूंवर मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या नमुन्यांत तांबे, निकेल, जस्त असते. काही नमुने मुळातच पिवळट किंवा हिरवट असतात. लोहाचे आकडे कधी पटतात, कधी पटत नाहीत. फिनॅन्थ्रोलिनऐवजी फेरोझिन हा दुसरा अभिकारक वापरावा का? – एक तंत्रज्ञ, नवी मुंबई

उत्तर : तांबे, निकेल, कोबाल्ट आणि जस्त हेही फिनॅन्थ्रोलिन पकडतात, त्यामुळे लोहाच्या वाट्याला ते कमी येते. निकेल २ आणि तांबे किंवा कोबाल्ट ५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेले, किंवा जस्त लोहाच्या दहापटींहून अधिक झाले, की आकड्यावर विश्वास ठेवू नये. थोडी वाढ असेल, तर अभिकारक जास्त घालून भागते. पारा, चांदी आणि कॅडमियम यांचा तर फिनॅन्थ्रोलिनशी साकाच (न विरघळणारा गाळ) बसतो. पॉलिफॉस्फेट लोहाला अडकवून ठेवते. आम्लासह उकळल्यावर त्याचे साधे फॉस्फेट होते आणि तो अडथळा बराचसा दूर होतो. नायट्राइट आणि सायनाइडही त्याच उकळण्यात जातात, परंतु मुलामा कारखान्याच्या पाण्यात सायनाइड असण्याची शक्यता धरूनच चालावे. आम्ल पडताच त्यातून हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू निघतो, म्हणून असा नमुना चालू असलेल्या फ्यूम हूडबाहेर (विषारी वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाबाहेर) आम्लाला लावूच नये.

नमुन्याचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी त्याच नमुन्याचा दुसरा भाग घ्यावा, त्यात फिनॅन्थ्रोलिन सोडून सर्व काही घालावे आणि त्याचे वाचन मुख्य वाचनातून काढावे. यासाठी पाच मिनिटे जास्त लागतात, आणि नेमकी तीच वाचवली जातात.

आकडा पटतो की नाही, हे ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे नमुन्यात माहीत असलेले लोह घालून पाहणे. समजा नमुन्यात १.० आले. त्याच्या दुसऱ्या भागात उकळण्यापूर्वी ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर इतके लोह घाला. वाचन १.५ च्या आसपास आले, तर पद्धत त्या नमुन्यात चालते आहे. १.२ आले, तर कोणीतरी लोह अडवते आहे किंवा अभिकारक खाते आहे, आणि मूळचा १.० सुद्धा कमीच आहे. असे नमुने अ‍ॅटोमिक अ‍ॅब्सॉर्प्शनकडे, म्हणजे लोहाचे अणू २४८.३ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषतात हे मोजणाऱ्या पद्धतीकडे, पाठवावेत. रंगाशी झटापट करण्यात अर्थ नाही. पर्यावरण संरक्षण नियमांतील सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकात लोहाची मर्यादा ३ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. नमुना २.८ किंवा ३.१ असा काठावर आला, तर ही पडताळणी केल्याशिवाय अहवालावर सही करू नये, असे माझे मत आहे.

फेरोझिनचे वर्णन स्टूकी यांनी १९७० साली प्रसिद्ध केले. त्याचा जांभळा रंग ५६२ नॅनोमीटरला मोजतात आणि तो फिनॅन्थ्रोलिनच्या सुमारे अडीचपट तीव्र असतो, त्यामुळे अतिशय कमी लोहासाठी ते चांगले. परंतु आपली अडचण लोह कमी असण्याची नाही, इतर धातू जास्त असण्याची आहे. तांब्याचाही फेरोझिनशी रंग येतो. तेव्हा केवळ अभिकारक बदलून आपल्याला फारसा लाभ होणार नाही.

प्रश्न : बाजारात मिळणाऱ्या लोह तपासणीच्या किटवर विसंबता येईल का? रंगाचा फोटो मोबाइलवर काढून प्रमाण सांगता येते, असेही ऐकले. – एक गृहिणी, कोपरखैरणे

उत्तर : नळाचे किंवा बोअरवेलचे ताजे, नितळ पाणी असेल, तर किट उपयोगी आहे. ०.३ आणि १.० यांतला फरक ते दाखवते, ०.३ आणि ०.४ यांतला दाखवीलच, असे नाही. पाण्यात तांबूस कण दिसत असतील, तर किटमधील पुडीने ते लगेच पूर्ण विरघळत नाहीत आणि उत्तर कमी येते. दिलेला वेळ पूर्ण थांबावे, नळी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर धरावी आणि शेजारी फक्त पाणी भरलेली दुसरी नळी ठेवावी. मोबाइलचा कॅमेरा उजेडानुसार रंग स्वतःच बदलून घेतो, त्यामुळे माहीत असलेल्या प्रमाणांच्या नळ्या त्याच फोटोत शेजारी नसतील, तर त्या फोटोवरून आकडा काढू नये. तपासणीनंतरचे द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये आणि किटसोबतच्या कागदावरील सूचनेप्रमाणे त्याची विल्हेवाट लावावी.